वही, मोबाईल आणि पैशाची पारख

व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या मुलाला पैशाची किंमत निराळी शिकवावी लागत नाही, असा समज आमच्या समाजात पूर्वापार चालत आला आहे. माशाच्या पिलाला पोहणे शिकवावे लागते काय, असा दाखलाही आम्ही त्यासाठी मोठ्या अभिमानाने देतो. हा समज एके काळी खरा होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तो आज कितपत खरा राहिला आहे, याचा विचार आपल्या संघाच्या या वार्षिक स्मरणिकेत व्हावा, असे आम्हांस वाटते. कारण हा प्रश्न कोणा एका घरचा नाही. आपल्या पेढ्या उद्या कोणाच्या हाती जाणार, आणि त्या हातांना पैसा राखता येणार की नाही, इथपर्यंत तो जाऊन पोहोचतो.

पूर्वी हा समज खरा का होता, ते प्रथम पाहू. बेळगाव, शहापूर, निपाणी येथील आपल्या बाजारपेठांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही सर्वसाधारण रीत होती. मूल शाळेतून आले की दप्तर माडीवर टाकून खाली उतरे. त्याला कोणी अर्थशास्त्र शिकवीत नसे. पण फळ्या लावल्यावर गल्ला पालथा झाला म्हणजे नाण्यांच्या चळती लावण्याचे काम त्याच्याकडे येई. रोजकीर्दीतील शिल्लक आणि हातची रोकड यांत चार आणे कमी भरले तर ते सापडेपर्यंत दिवाणजी घरी जात नसत. चार आण्यांसाठी चार मोठी माणसे अर्धा तास खोळंबलेली पाहून त्या मुलाच्या मनावर जे बिंबे, ते दहा व्याख्यानांनी बिंबले नसते. हमाल पोते उचलताना त्याच्या मानेची शीर कशी फुगते, उधारी मागायला गेलेला गडी तीन खेपा घालून रिकाम्या हाताने कसा परततो, पावसाळ्यात कडधान्याला कीड लागली म्हणजे वडिलांचा चेहरा कसा उतरतो, हे सर्व ते मूल डोळ्यांनी पाही. रुपया येतो कोठून, तो किती श्रमांनी येतो आणि किती सहज जातो, हे शिक्षण त्याला फुकट आणि नकळत मिळे. म्हणजे पैशाची पारख रक्तातून येत नव्हती; ती दुकानाच्या पायरीवर मिळत होती. दुकानाची पायरी मुलापासून दूर गेली, तर ती पारखही दूर जाणार, हे उघड आहे.

आणि ती दूर गेलीच आहे. आज दुकान बाजारात आणि घर वसाहतीत. मुलाची शाळा, शाळेमागून शिकवणी आणि शिकवणीमागून परीक्षा. दुकानात ते वर्षातून एकदा, दिवाळीच्या वहीपूजनाला येते, आणि छायाचित्र काढून परत जाते. वडील काय धंदा करतात हे त्याला ठाऊक असते. तो कसा करतात हे मात्र ठाऊक नसते.

याहून मोठा बदल पैशाच्या स्वरूपात झाला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हा एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे कसे करावे याने आपले वाडवडील काही काळ हैराण झाले होते. पण नाणे बदलले तरी ते हातात येत होते. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याहून लहान नाणी चलनातून बाद झाली, तेव्हा मुलांच्या मुठीतला सर्वांत लहान पैसा गेला. त्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये यू.पी.आय. ही पद्धत सुरू झाली, आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला ५०० आणि १००० रुपयांच्या जुन्या नोटा रद्द झाल्या. पुढचे आपण सर्वांनी अनुभवलेच आहे. आज भाजीवालीच्या पाटीला, फुलवाल्याच्या टोपलीला आणि आपल्या गादीच्या कडेलाही तो काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा कागद चिकटलेला आहे. पैसे जमा झाले की एक डबी मोठ्याने ओरडून सांगते. व्यापाऱ्याला यात सोय आहे, सुट्ट्यांचा त्रास नाही, खोट्या नोटेची धास्ती नाही, हिशेब आपोआप बँकेत उतरतो. आम्ही या सोयीच्या विरुद्ध नाही. आम्हीही तिचा रोज लाभ घेतो. पण आम्हांला हिशेब आधी आला आणि सोय मागाहून मिळाली. आमच्या मुलांना सोय आधी मिळाली आहे, आणि हिशेब येण्याची वेळच आलेली नाही. एवढा हा भेद आहे, आणि सर्व प्रश्न याच भेदात आहे.

मोबाईलचेच पाहा. तो नवा होता तेव्हा त्यानेच काटकसर शिकविली होती. २००३ पूर्वी आलेल्या फोनचेही पैसे पडत. त्यामुळे एक घंटी देऊन फोन ठेवायचा, आणि त्या एका घंटीचा अर्थ ‘माल पोहोचला’ असा समजायचा, ही युक्ती आमच्या बाजारात सर्वांना अवगत होती. बोलण्याला मिनिटाचा भाव होता, म्हणून माणूस मोजके बोलत होता. सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेटचे दर एकदम उतरले, आणि मोजण्याची गरज संपली. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. शाळा बंद पडल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मोबाईल मुलांच्या हाती आला. शाळा उघडल्या, मोबाईल मात्र परत आला नाही.

या यंत्राने पैशाच्या बाबतीत मुलांवर काय परिणाम होतो, हे आपण व्यापाऱ्यांनी तरी नीट समजून घेतले पाहिजे. कारण त्यातील प्रत्येक डाव हा व्यापाराचाच डाव आहे.

पहिला डाव चलन बदलण्याचा. मुले जे खेळ खेळतात त्यांत रुपयाने थेट काही विकत घेता येत नाही. आधी रुपये देऊन खेळातली ‘नाणी’ किंवा ‘हिरे’ घ्यावे लागतात, आणि मग त्या हिऱ्यांनी खेळातल्या सैनिकाला अंगरखा घ्यावा लागतो. अंगरखा साठ हिऱ्यांना पडला हे मूल सांगते. तो किती रुपयांना पडला हे त्याला सांगता येत नाही. चलन बदलले की भावाचा अंदाज सुटतो, हे परमुलखात खरेदीला गेलेला कोणताही व्यापारी जाणतो. शिवाय नाणी अशा गठ्ठ्यांनी विकली जातात की खरेदी झाल्यावर थोडी शिल्लक उरावी, आणि त्या शिलकेच्या लोभाने पुन्हा खरेदी व्हावी.

दुसरा डाव विसर पाडण्याचा. पहिला महिना फुकट, पुढे दरमहा थोडी रक्कम खात्यातून आपोआप कापली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्यापूर्वी निदान २४ तास आधी सूचना येते. पण दिवसाला शंभर सूचना येणाऱ्या घरात ती कोण वाचतो? चित्रपट, गाणी, खेळ, साठवणुकीची जागा अशा चार वर्गण्यांचे मिळून महिन्याला ५०० रुपये गेले, तर वर्षाला ६,००० होतात. आमच्या वडिलांच्या वेळी घरखर्चाच्या वहीत विड्याच्या पानांचाही खर्च लिहिला जात असे. आज या ६,००० रुपयांची नोंद कोणत्या वहीत आहे, ते प्रत्येकाने आपल्या घरी जाऊन पाहावे.

तिसरा डाव हप्त्याचा. ‘व्याज शून्य’ ही पाटी आपण सर्वत्र वाचतो. ज्याने आयुष्यभर व्याज-बट्टा केला त्याला ही पाटी वाचून हसू आले पाहिजे. शून्य टक्के व्याज अशी कल्पनाच अस्तित्वात नाही, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट शब्दांत बजावले होते. व्याज कोठे तरी असतेच. कधी ते रोख खरेदीची सूट नाकारण्यात असते, तर कधी कागदपत्रांच्या आकारात असते. पण मुलाला दिसतो तो दरमहाचा लहान आकडा. चोवीस हजारांचा मोबाईल त्याच्या मनात दोन हजारांचा होतो.

येथे आम्ही आपल्या बंधूंना एक साधे गणित मांडून दाखवतो. ते प्रत्येक बापाने आपल्या मुलापुढे कागदावर मांडावे. समजा, भुसारी दुकानात सर्व खर्च वजा जाता शेकडा पाच नफा उरतो. मग २४,००० रुपयांचा मोबाईल घेण्यासाठी दुकानात किती विक्री व्हावी लागते? ४,८०,००० रुपयांची. एवढे धान्य आले, उतरले, निवडले गेले, मोजून दिले गेले, त्यातले काही उधार गेले आणि त्यातले काही अजून यायचे आहे. मोबाईलची खरी किंमत ही आहे. ज्या बंधूंच्या धंद्यात नफ्याचे प्रमाण निराळे असेल त्यांनी आपला आकडा घालावा. हे गणित ऐकल्यावर मूल मोबाईल मागायचे थांबेल असे आम्ही म्हणत नाही. पण मागताना ते काय मागत आहे, हे त्याला कळेल.

या बाबतीत समाजात दोन मते ऐकू येतात, आणि दोन्ही आम्हांस अपुरी वाटतात.

पहिले मत असे की, मोबाईल मुलाच्या हाती देऊच नये, म्हणजे प्रश्न मिटला. लहान वयात तो देऊ नये याविषयी दुमत नाही. पण आपल्या दुकानाचे बिल, कराचा भरणा, मालाची मागणी, बँकेचा व्यवहार असे सगळे त्याच यंत्रावर चालते. त्याविषयी अज्ञान राखणे म्हणजे व्यापारात अज्ञान राखणे होय. खोटे नाणे ओळखायचे तर आधी नाणी हाताळावी लागतात. अठराव्या वर्षापर्यंत ज्याच्या हाती काहीच दिले नाही, त्याच्या हाती अठराव्या वर्षी एकदम सगळे येते, आणि मग व्हायचे ते होते.

दुसरे मत असे की, आम्ही हालात दिवस काढले, आमच्या मुलांनी ते का काढावेत? या मतामागील माया आम्हांस कळते. पण हाल आणि मर्यादा या दोन गोष्टी निराळ्या आहेत. गृहस्थाच्या व्रतांत परिग्रहपरिमाण सांगितलेले आहे. गृहस्थाने द्रव्य मिळवूच नये असे त्यात म्हटलेले नाही. किती राखावे याची सीमा त्याने आपण होऊन, आणि आधी, ठरवावी असे त्यात म्हटले आहे. ‘आधी’ या शब्दातच सर्व मर्म आहे. पैसे संपल्यावर थांबावे लागते ती लाचारी. असताना थांबता येते ती मर्यादा. मुलाला मर्यादा शिकविण्यासाठी घर गरीब असण्याची आवश्यकता नाही. उलट, संपन्न घरातच ती मुद्दाम शिकवावी लागते.

कायद्याने या बाबतीत काही कुंपणे घातली आहेत. ती सर्व सभासदांना ठाऊक असावीत म्हणून येथे थोडक्यात देतो. १८७२ च्या करार कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे अज्ञान व्यक्ती करारास पात्र नाही, आणि असा करार मुळातच रद्दबातल होय, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये दिला. तथापि मूल जेव्हा बापाच्या मोबाईलवरून, बापाच्या खात्यातून, बापाचा गुप्त आकडा घालून पैसे पाठविते, तेव्हा कागदोपत्री तो व्यवहार बापाचाच ठरतो, आणि हे संरक्षण मागताना फार कष्ट पडतात. म्हणून तो आकडा घरातील सर्वांना पाठ असणे हे तिजोरीची किल्ली खुंटीला टांगून ठेवण्यासारखे आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. जुगार गेला तर ते चांगलेच. पण वर सांगितलेले हिरे आणि अंगरखे पैज लावून घेतले जात नाहीत, तेव्हा त्यांच्यापासून राखण करण्याचे काम आपल्याकडेच उरते.

उलट काही सोयी कायद्याने दिल्याही आहेत. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ रोजी काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला, बँकेने ठरविलेल्या मर्यादेत, स्वतःचे बचत खाते उघडून स्वतः चालविता येते, आणि अशा खात्यात शिल्लक उणे होऊ द्यायची नाही असा दंडक आहे. ऑगस्ट २०२४ पासून यू.पी.आय. मध्ये अशीही व्यवस्था आहे की घरातील दुसऱ्या माणसाने आपल्या मोबाईलवरून पैसे द्यावयाचे ठरविले की मुख्य खातेदाराची संमती मागितली जाते, किंवा महिन्याची मर्यादा आधीच घालून देता येते. ज्याच्या घरी मोठी मुले शिक्षणासाठी परगावी आहेत, त्याने या व्यवस्थेची माहिती आपल्या बँकेत जाऊन घ्यावी.

परंतु कुंपण हे शेत राखते. पीक ते काढीत नाही. पीक काढण्याचे काम घराचे आहे. आमच्या अल्प मतीप्रमाणे त्यासाठी पुढील गोष्टी प्रत्येक घरी सुरू व्हाव्यात.

मुलाला मागेल तेव्हा पैसे देण्याची पद्धत बंद करून महिन्याच्या ठराविक तारखेला ठराविक रक्कम द्यावी. रक्कम लहान असावी. पण ती त्याची असावी. दहा-बारा वर्षांपर्यंत ती नोटा आणि नाण्यांतच द्यावी. नोट देताना ती हातातून सुटते, पाकीट हलके होते, आणि परत आलेली मोड मोजावी लागते. हा अनुभव आकड्यांच्या पडद्यावर येत नाही. महिना संपण्यापूर्वी पैसे संपले, तर पुढची तारीख येईपर्यंत थांबावे लागेल, हा नियम आईने आणि आजीनेही पाळावा. आजीच्या कनवटीला असलेली नोट हा या शिक्षणातला सर्वांत मोठा अडथळा आहे, हे आम्ही आदरपूर्वक नमूद करतो.

दुसरे, त्या पैशाची वही ठेवावी. एका बाजूस जमा, दुसऱ्या बाजूस नावे, आणि खाली शिल्लक. मोबाईल हा हिशेब आपोआप ठेवतो, मग वही कशाला, असे मुले विचारतील. त्यांना सांगावे की मोबाईल लिहितो ते त्याला आठवते, आपण लिहितो ते आपल्याला आठवते. सरकारनेही २२ सप्टेंबर २०२५ पासून शाळेच्या वहीवरील जी.एस.टी. काढून टाकला आहे. मोबाईलवर मात्र तो शेकडा अठरा आहे. तेव्हा दोहोंपैकी स्वस्त गुरू कोणता, ते व्यापाऱ्याने सांगावयास नको! वही दर रविवारी बापाने पाहावी. पाहताना खर्चाबद्दल रागावू नये, ताळा जुळला की नाही एवढेच विचारावे. खर्चावर रागावले की मूल खर्च लपवू लागते, आणि वही खोटी होते. खोट्या वहीपेक्षा उधळ्या मुलाची खरी वही बरी; उधळपट्टी सुधारता येते, खोटेपणाची सवय लवकर सुटत नाही.

तिसरे, उन्हाळ्याच्या सुटीतले पंधरा दिवस तरी मुलाने दुकानात काढावेत. बालकामगार कायद्याची शंका कोणास येईल म्हणून सांगतो की, २०१६ च्या दुरुस्तीप्रमाणे शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत मुलाने कुटुंबाच्या धंद्याला हातभार लावण्यास, तो धंदा अपायकारक नसल्यास, मोकळीक आहे. तंबाखूच्या वखारीत मुलांना नेऊ नये हे निराळे सांगावयास नको. पण दुकानात आलेल्या मुलाला मालकाचा मुलगा म्हणून गादीवर बसवू नये. त्याने माल मांडावा, मोजून द्यावा, उधारीच्या वहीतील नावे वाचावीत आणि एखाद्या वसुलीला दिवाणजींबरोबर जावे. हे शेवटचे काम विशेष महत्त्वाचे आहे. तीनशे रुपये मागताना माणसाला किती अवघड वाटते, आणि ते देता येत नसताना समोरच्याला त्याहून किती अवघड वाटते, हे ज्याने पाहिले त्याच्या हातून तीनशे रुपये वाया जाणे कठीण.

चौथे, हे सर्व मुलींनाही तितकेच लागू आहे. घरात मुलगा असेल तर हिशेब त्याला, आणि मुलीला फक्त दागिन्यांची आवड, ही रीत आता सोडावी. आपल्या अनेक घरांत पुरुष अकाली गेल्यावर पेढी बायकांनी सांभाळली आहे, आणि ती सांभाळताना त्यांना वहीतले एक अक्षर कोणी पूर्वी दाखविलेले नव्हते. तो अन्याय पुढच्या पिढीवर होऊ नये.

पाचवे, मुलाच्या रकमेतला एक लहान भाग दानाचा असावा, आणि तो त्याने स्वतःच्या हाताने द्यावा. बापाच्या नावाने फळ्यावर लागलेल्या देणगीने मुलाला दान कळत नाही. स्वतःच्या खाऊच्या पैशातून गेलेल्या पाच रुपयांनी ते कळते.

कष्टातून आलेले शिक्षण कसे टिकते, याचे उदाहरण शोधण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील हे कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे १८८७ मध्ये आपल्याच समाजात जन्मले. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर गोरगरिबांच्या मुलांना उभे केले. ज्या हाताने पुस्तक धरायचे त्याच हाताने कुदळही धरायची, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. पैसा मिळवावा कसा, आणि तो कोणत्या कामी आला म्हणजे त्याची खरी किंमत होते, या दोन्ही गोष्टींचे उत्तर त्या एका घरात आहे. आपण त्यांच्या जयंतीला हार घालतो. पण आपल्या घरचा सुखवस्तू मुलगा सुटीत चार दिवस पोती मोजू लागला की लोक काय म्हणतील याची आपल्याला चिंता वाटते.

आता थोडे आपल्या स्वतःविषयी. मुले ऐकतात त्यापेक्षा पाहतात जास्त. दुपारी दुकानात बसून, लोक ऑनलाईन खरेदी करतात म्हणून बाजार बसला, अशी आपण तक्रार करतो. आणि संध्याकाळी आपल्याच दारात तीन खोकी येऊन पडलेली असतात. त्यांतले एखादे शेजारच्या गल्लीत, आपल्याच सभासदाच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूचे असते. उधारी मागणाऱ्याचा फोन आला की ‘बाबा बाहेर गेलेत म्हणून सांग’ असे आपण मुलाला सांगतो. त्या एका वाक्यात पैशाची, शब्दाची आणि पतीची किंमत काय, हे सगळे तो शिकून घेतो. जेवताना आपला डोळा मोबाईलच्या पडद्यावर आणि मुलाला उपदेश पडदा पाहू नये असा! लग्नकार्यात ऐपतीबाहेर खर्च करून वर्षभर व्याज भरणाऱ्या घरातील मुलाने हप्त्यावर मोबाईल मागितला, तर त्याने नवीन काय केले?

आपल्या संघातील काही बंधूंचा मोबाईल विक्रीचाच धंदा आहे. त्यांचा व्यवसाय सचोटीचा आहे, आणि त्यांच्यावर आमचा कोणताही आक्षेप नाही. त्यांना आमची एवढीच विनंती की, पंधरा वर्षांचा मुलगा महाग यंत्राकडे बोट दाखवू लागला की त्याच्या वडिलांना सर्व हप्त्यांची बेरीज आणि रोख किंमत या दोन्ही रकमा एका चिठ्ठीवर लिहून द्याव्यात. माप पुरे देणे हा आपला जुना धर्म आहे. माहिती पुरी देणे हे त्याच मापात मोडते. यात एखादी विक्री जाईलही. पण गिऱ्हाईक राहील, आणि जुन्या पेढ्या ज्या टिकल्या त्या गिऱ्हाईक राखून टिकल्या.

शेवटी संघाच्या कार्यकारी मंडळास एक सूचना करून हा लेख पुरा करतो. येत्या दिवाळीच्या वहीपूजनाच्या वेळी प्रत्येक सभासदाने दुकानाच्या नव्या वहीबरोबर घरातील दहा वर्षांवरील प्रत्येक मुलामुलीसाठी एक लहान रोजकीर्द पूजेस ठेवावी. तिच्या पहिल्या पानावर मुलाने आपल्या हाताने तारीख घालून पहिली जमा लिहावी. संघाने अशा वह्या एकत्र छापून सभासदांना पुरवाव्यात, आणि वर्षाअखेर ज्या मुलांच्या वहीचा ताळा बारा महिने जुळला असेल त्यांचा स्नेहसंमेलनात गौरव करावा. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलांना आपण दरवर्षी बक्षिसे देतो; ती द्यावीतच. पण ज्या संस्थेचे नाव व्यापाऱ्यांचा संघ आहे, तिने चोख हिशेबालाही एक बक्षीस ठेवावे, हे तिला शोभून दिसेल.

या सूचनेला खर्च फारसा नाही. एका वहीची किंमत आणि दर रविवारची पंधरा मिनिटे, एवढाच तो आहे. पैकी वहीची किंमत कोणताही बंधू आनंदाने देईल याची आम्हांस खात्री आहे. रविवारची पंधरा मिनिटे कोण कोण देतो, यावरच पुढच्या पिढीची पारख अवलंबून राहील.